धुतलेला पंप

माझं शिलाई मशीन मागच्या खिडकीशी आहे, कारण घरात खरा उजेड तिथेच येतो. त्या खिडकीतून दोन गोष्टी दिसतात. अगदी जवळ, मागच्या दाराला लागून, सासऱ्यांचा टोमॅटोचा वाफा. त्याच्या पलीकडे रस्त्यापर्यंत गेलेली जमिनीची एक पट्टी. त्या पट्टीत माझी नणंद लोकांना बिनरसायनाची शेती शिकवते. मला शेतीतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण खिडकी आहे, डोळे आहेत आणि बाह्या जोडताना माणसाला बाहेर बघायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून जे दिसलं ते सांगते. बाजू कुणाची घेत नाही.

आधी नणंदेबद्दल. ती ह्यांची धाकटी बहीण. मी तिला ताई म्हणते आणि रागावले की मास्तरीणबाई. शेतीच्या औषधांच्या दुकानात ती कितीतरी वर्षं कामाला होती. कुठल्या किडीला कुठली बाटली, कुठल्या तणाला कुठला डबा, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकं मालकाला सोडून हिलाच विचारायची. मग एके दिवशी नोकरी सोडून घरी आली, कुठेतरी लांब जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि परत आली ती हे नवीन घेऊन. खत घालायचं नाही, औषध मारायचं नाही, माती झाकून ठेवायची, गांडुळांना काम करू द्यायचं. लोकांना तर आयतीच करमणूक झाली. "काल डबे विकत होती, आज नाकाने कांदे सोलते," असं चहाच्या टपरीवर बोललं गेलं. ते मला आमच्या ह्यांनी सांगितलं. हे ट्रक चालवतात, त्यामुळे सगळ्या टपऱ्यांवरच्या बातम्या घरी आणतात आणि कामाच्या वेळी घरी नसतात.

आता सासरे. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण ज्याने कुणी काढली त्याने बाबांना पाहिलेलं असणार. जन्मभर गहू पिकवला आणि जन्मभर एकाच पद्धतीने पिकवला. लेकीने पट्टी मागितली तेव्हा ते जेवत होते. घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "एक हंगाम. लोकांना पटलं, त्यांनी आपापल्या शेतात कोपरा सोडला, तर पट्टी तुझी. नाही तर नांगर."

"चालेल," ती म्हणाली.

"चालेल म्हणते! तुला नोकरी होती."

"बाबा, चालेल म्हटलं ना."

बस, एवढंच बोलणं. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच ठरतात, ताट उचलायच्या आत.

तर ती कामाला लागली. पट्टीवर वाळलेला पाला अंथरला, एका कोपऱ्यात कुजवण्याचा खड्डा केला, घेवड्याच्या रांगा लावल्या. रांगांच्या मध्ये दोऱ्या बांधल्या, पाट्या रोवल्या. दर गुरुवारी वीसेक माणसं यायची. मातीत हात घालायची, वास घ्यायची, गांडूळ सापडलं की एकमेकांना दाखवायची. प्रत्येक वेळी तिची सुरुवात तीच असायची. "मी सांगते म्हणून मानू नका. बघा, मग माना." मला तर ते वाक्य झोपेतही ऐकू यायला लागलं होतं.

शिकायला येणाऱ्यांत दोघं लक्षात राहण्यासारखे. एक निवृत्त पोस्टमन. शंका काढण्यात पटाईत. गांडूळ हातात घेऊन तो विचारायचा, "हे इथलंच की आजच्यासाठी आणलंय?" दुसरी पिठाच्या गिरणीची मालकीण, तोंडाने फटकळ पण मनाने साफ. तिने सगळ्यांत आधी सांगून टाकलं होतं की पुढच्या पेरणीला ती शेताचा एक कोपरा ह्या पद्धतीने करणार. खड्डा करायला आमच्याकडचं फावडंसुद्धा घेऊन गेली होती. तिने केलं की बाकीचे करणार, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण दळायला सगळे तिच्याकडेच जातात.

बाबा मात्र पट्टीत पाय ठेवायचे नाहीत. मागच्या दारात खुर्ची टाकून टोमॅटोकडे बघत बसायचे. तो वाफा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दरवर्षी सगळ्यांत चांगल्या दोन टोमॅटोंचं बी काढून ठेवायचे, दरवर्षी तेच बी लावायचे. सुनेने त्या टोमॅटोला हात लावायचा नाही. स्वयंपाकाला लागले तरी ते स्वतः मोजून तोडून देणार, जणू काही बँकच. आणि नणंदेचा वर्ग चालू असला की खुर्चीवरून मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणणार, "दोऱ्या बांधून शेती होत असती, सूनबाई, तर तू आतापर्यंत जहागीरदारीण झाली असतीस."

मी हसायचे. खोटं कशाला बोलू, बोलणं मजेशीर होतं.

मग घेवड्यावर मावा आला. शेंड्याशेंड्यावर काळे ठिपके. नणंद खूश! मला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण तिचं म्हणणं असं की कीड आली तरच तिला कसं आवरायचं ते दाखवता येतं. लसूण, मिरची आणि साबण वाटून त्याचा अर्क फवारायचा, म्हणजे मावा जातो. आणि हे वाटायचं कुठे? माझ्या मिक्सरमध्ये! अख्खं घर खोकत होतं. बाबा दारात उभे राहून डोळे पुसत म्हणाले, "हे किडीला मारायला आहे की आम्हाला?"

"तुम्हाला आधी, बाबा. किडीला उद्या."

"दिसतंय ते."

गुरुवारी सगळे जमले. तिने सगळं नीट समजावलं आणि आपला छोटा पाठीवरचा पंप घेऊन फवारायला सुरुवात केली. एक रांग झाली, दुसरी झाली, तिसरीच्या मध्यावर पंप अडला. मिरचीचं बी तोटीत जाऊन बसलं होतं. तिने फुंकलं, आपटलं, माझ्याकडून टाचणी मागितली. टाचणीने तोटीच मोडली. पोस्टमनला संधीच हवी होती. "निसर्गाचं काम निसर्गालाच करू द्या म्हणत होता ना बाई? तोच थांबला." सगळे हसले. कुणी वाईट हेतूने हसलं नाही, पण हसले. ती घामाघूम झाली होती आणि चेहरा लालबुंद.

त्याच वेळी बाबा खुर्चीवरून उठले.

ते अडगळीच्या खोलीत गेले आणि आपला पंप घेऊन बाहेर आले. गव्हाला वापरतात तो, मोठा. मागच्या नळाखाली धरून त्यांनी तो धुतला. पाणी भरलं, खळखळवलं, ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा तसंच. मग खांद्यावर टाकला आणि टोमॅटोच्या वाफ्याला वळसा घालून चालत पट्टीत गेले. अख्ख्या हंगामात पहिल्यांदा. माझं मशीन थांबलं.

"घे," ते म्हणाले. "तुझं खेळणं ठेव बाजूला."

नणंद थबकली. खिडकीतून मला ते स्पष्ट दिसलं. हात पुढे आला आणि मध्येच थांबला. "बाबा, ह्यात मागच्या हंगामात तुम्ही..."

"धुतलाय. तुझ्या डोळ्यांसमोर धुतलाय. तीनदा."

वीस माणसं बघत होती. म्हातारा माणूस पंप पुढे करून उभा होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तिने पंप घेतला. कुणीही घेतला असता. उरलेल्या सगळ्या रांगा तिने त्याच पंपाने फवारल्या. कुठून कुठवर झालं ते कळावं म्हणून तिसऱ्या रांगेच्या मध्यावर तिने खुंटी रोवली. बाबा सगळं संपेपर्यंत तिथेच उभे होते. घरी आल्यावर मला म्हणाले, "चहा टाक. तिलाही." म्हणजे स्वारी खुशीत होती.

तीन-चार दिवसांत घेवड्याचं वाटोळं झालं.

मावा गेला, ते खरं. पण त्याच्याबरोबर घेवडाही निघाला. पानं आत वळून मुरडली, शेंडे पिळवटले, देठ कंबरेत मोडल्यासारखे खाली वाकले. मी सकाळी खिडकी उघडली आणि आधी वाटलं जनावर लोळून गेलंय. नणंद पट्टीत उकिडवी बसली होती. हातात एक पान होतं आणि ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

बातमी पसरायला असा वेळ तो किती लागतो? गिरणीवाली आली, बघून गेली. पोस्टमन आला आणि एकही शंका न काढता परत गेला, ते जास्त वाईट वाटलं. टपरीवर मात्र बोलणं सुरू झालं. म्हणे लसणाने पीक जाळलं. म्हणे हिचं नैसर्गिक ते औषधापेक्षा जहाल.

आता मी म्हटलं ना, मला शेतीतलं कळत नाही. पण कापड कुठे जोडलंय ते मला लांबूनही दिसतं. खुंटीच्या अलीकडचा घेवडा ताठ होता, हिरवागार. पलीकडचा तेवढाच मेला होता. अर्क एकच, दिवस एकच, माणूस एकच. दुपारी ती पाणी प्यायला आत आली तेव्हा मी सरळ विचारलं. "ताई, हे पंपाचं काम आहे का?"

तिने भांडं ओट्यावर ठेवलं. "वहिनी, तू कुणाला बोलणार नाहीस."

"आधी सांगा तर."

"बाबा गव्हातलं तण मारायला जे औषध वापरतात ना, ते गव्हाला काही करत नाही. रुंद पानाचं जे असेल ते मारतं. घेवडा, टोमॅटो, काहीही. आणि ते पंपाच्या नळीत, रबरात मुरून बसतं. साध्या पाण्याने जात नाही. वर माझ्या अर्कात साबण. मुरलेलं सगळं सुटून आलं असणार." ती थांबली. "दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, ह्या औषधाला पंप वेगळा ठेवा. पहिल्यांदा बाबांनाच सांगितलं होतं."

"अगं बाई! मग गप्प का बसलात? सांगा की त्यांना! सगळ्यांना सांगा!"

"काय सांगू? बापाने पंप दिला आणि बापाच्या पंपाने पीक मारलं? चारचौघांत?"

"खरं आहे ते!"

"ते पहिल्यांदा आले होते गं पट्टीत," ती म्हणाली. "मला कळत होतं तेव्हाच. नको म्हणायचं होतं. नाही म्हणता आलं."

मला तिचा रागही आला आणि कीवही आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि ही स्वतःच्याच हाताने तोंड दाबून बसलेली. पट्टी जाणार, वर्ग जाणार, एवढी वर्षं डबे विकून शेवटी जे करावंसं वाटलं तेही जाणार. आणि पुन्हा दुकानात गेली तर मालक काय टोमणे मारेल ते वेगळंच.

पुढच्या गुरुवारी तिने सगळ्यांना सांगितलं, "माझं माप चुकलं. अर्क जास्त तीव्र झाला." खाली बघून सांगितलं. पोस्टमन सावकाश म्हणाला, "बाई, तुमचंच माप चुकतं, तर आमचं काय होणार?" गिरणीवालीने तिला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या वर्षी राहू दे, पुढचं पुढे बघू. फावडं परत आणून देते म्हणाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी शेवटचा वर्ग आणि मग नांगर, हे न बोलता ठरल्यासारखं झालं.

बाबांचं मात्र सगळं नेहमीसारखं चालू होतं. वेळेवर जेवत होते, वेळेवर झोपत होते. मला ते बघवेना. जिंकले ना, आता मिटक्या मारा, असं मनात म्हणत मी भांडी आपटायला लागले. चहा पुढ्यात ठेवताना कपबशीतून सांडेल इतका जोरात ठेवला. त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला आणि प्यायले. एका सकाळी मात्र ते पट्टीत दिसले, एकटेच. खुंटीपाशी उभे होते. मेलेल्या घेवड्याचा एक शेंडा त्यांनी बोटांत धरून उलटसुलट केला, बराच वेळ. मग गव्हाच्या शेताकडे बघत राहिले. मला वाटलं, नांगर कुठून घालायचा ते बघतायत.

शेवटच्या वर्गाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आत, त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, टोपली आण. टोमॅटो काढून घे."

"किती?"

"सगळे."

"सगळे म्हणजे? हिरवे पण?"

"हिरवे पण. एक ठेवू नकोस झाडावर."

माझा विश्वासच बसेना. ज्या झाडांना हात लावायची मला बंदी, तीच मी ओरबाडायची? मी विचारलं, का म्हणून. म्हणाले, "ऊन वाढणार आहे." कप्पाळ! ऊन काय एका टोमॅटोच्या वाफ्यावर पडतं का? मी बडबडत काढले सगळे. हिरव्यांचं काय करू, डोंबल, असं तोंडावर विचारलं. त्यांनी त्यातले सगळ्यांत चांगले दोन पिकलेले निवडले, फोडले, बी वाटीत पिळून काढलं, चोळून धुतलं आणि माझ्याकडून कागद मागितला. कपड्यांचे नमुने कापायचा पिवळा कागद मी दिला. त्यावर बी पसरून त्यांनी तो कागद माझ्या मशीनच्या टेबलावर ठेवला. "इथं ऊन येतं," म्हणाले. "आणि जाड दोरा दे. लांब."

गुरुवारी निम्मीच माणसं आली. पोस्टमन आला होता, बहुधा शेवट बघायला. गिरणीवाली फावडं घेऊन आली होती, ठरल्याप्रमाणे परत द्यायला. नणंदेने नेहमीचं वाक्यही म्हटलं नाही. ती काहीतरी आभार वगैरे म्हणायला लागली, तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"इकडं या सगळे. टोमॅटोकडं."

ते वाफ्यात उभे होते. वाफ्याच्या मधोमध माझा दोरा आडवा बांधलेला, दोन्ही टोकांना काड्या रोवलेल्या. हिच्या दोऱ्यांना इतके दिवस हसलेला माणूस! बाजूला दोन पंप होते. एक नणंदेचा, नवी तोटी बसवलेला. दुसरा त्यांचा.

"दोऱ्याच्या ह्या बाजूला हिच्या पंपाने हिचाच अर्क मारायचा. त्याच मापाने, जे चुकलं म्हणते. त्या बाजूला माझ्या पंपाने नुसतं पाणी आणि साबण. लसूण नाही, मिरची नाही."

नणंद धावतच गेली. "बाबा, नको. काही गरज नाही. माझंच माप चुकलं होतं, मी सांगितलंय सगळ्यांना."

"शिकवणं चालू असताना मध्ये बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "पोस्टमन, पंप तू धू. तुझं समाधान होईपर्यंत."

पोस्टमन तो! त्याने नळाखाली पंप इतका धुतला की मला पाण्याची टाकी रिकामी होईल अशी भीती वाटली. आत हात घालून पाहिलं, वास घेतला. "चकचकीत आहे," म्हणाला. बाबांनी त्याच्यासमोर पाणी भरलं, माझा कपड्यांचा साबण किसून टाकला आणि दोऱ्याच्या पलीकडची झाडं स्वतः फवारली. सावकाश, एक पान न सोडता. अलीकडची नणंदेला फवारायला लावली.

"काय सिद्ध करायचंय, काका?" गिरणीवालीने विचारलं.

"मी आत्ता काही बोललो तर तुम्ही टपरीवर काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. आपला तो बाब्या. म्हणून मी सांगत नाही. ही म्हणते ना, बघा, मग माना? सोमवारी येऊन बघा."

मी खिडकीत उभी होते. समोर टेबलावर पिवळ्या कागदावर बी वाळत होतं आणि स्वयंपाकघरात हिरव्या टोमॅटोंची टोपली भरलेली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऊन वाढणार आहे म्हणे! त्यांना माहीत होतं. गव्हातलं तण कसं मुरडून मरतं ते जन्मभर बघितलेल्या माणसाला घेवड्याचा शेंडा हातात धरल्यावर कळणार नाही? आणि त्याच माणसापुढे मी इतके दिवस कप आपटत होते. मला रडू आलं. एक सरळ शिवण मी वाकडी मारली आणि ती उसवत बसले.

सोमवार यायला चार दिवस होते. नणंद रोज सकाळी वाफ्याकडे न बघता पट्टीत जायची. बाबा खुर्ची टाकून बसायचे. दोऱ्याच्या पलीकडचे शेंडे आधी नुसते झुकले, मग वळले. ते बघत बसायचे. एकदा मी त्यांना चहा नेऊन दिला, हळू ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज सांडला नाही."

सोमवारी मात्र सगळा गाव लोटला. ज्यांनी कधी पट्टीत पाऊल टाकलं नव्हतं तेही आले. टपरीवाला टपरी बंद करून आला. दोऱ्याच्या अलीकडचे टोमॅटो ठणठणीत उभे होते, लसणाचा वास मारत. पलीकडचे पिळवटून गेले होते, पानं आवळलेल्या मुठीसारखी. मध्ये माझा दोरा.

पोस्टमन ह्या बाजूने त्या बाजूला गेला, परत आला, पुन्हा गेला. एक पान हातात घेतलं. नंतर कुणाकडेच न बघता म्हणाला, "मीच धुतला होता."

"मीही धुतला होता," बाबा म्हणाले. "तीनदा. घेवड्याला द्यायच्या आधी. हिच्या अर्कात काही खोट नव्हती आणि मापही चुकलं नव्हतं. पंप माझा. त्यात माझ्या गव्हाचं औषध मुरलेलं. ह्याला पंप वेगळा ठेवा असं हिने मला दुकानात सांगितलं होतं. मी म्हणालो, बापाला शिकवू नकोस."

बाबांनी खुर्ची उचलली आणि ती वाफ्यापासून नेऊन पट्टीच्या कडेला टाकली. तिथे बाकीचे शिकायला बसतात.

"आता शिकव," ते म्हणाले.

नणंद उभी राहिली. "मी सांगते म्हणून..." एवढं म्हणाली आणि पुढचं येईना. तेवढ्यात पोस्टमनने वाक्य पुरं केलं. चेष्टेने नाही, शाळेत म्हणतात तसं. मग दोघाचौघांनी परत म्हटलं. ती हसायला लागली आणि रडायलाही. मग डोळे पुसून तिने त्या दिवशीचा वर्ग घेतला. विषय काय, तर पंप कसा धुवावा, आणि कुठला पंप कितीही धुतला तरी उपयोग नाही. गिरणीवाली सगळं होईपर्यंत थांबली. गुरुवारी आणून ठेवलेलं फावडं भिंतीला टेकून होतं. जाताना ते खांद्यावर टाकून घेऊन गेली, आणि मला म्हणाली, "ह्या वर्षी परत मिळेल अशी आशा ठेवू नकोस."

सगळे गेल्यावर बाबा माझ्या खोलीत आले. मशीनच्या टेबलावरचा पिवळा कागद त्यांनी दोन्ही हातांनी अलगद उचलला. बी खडखडीत वाळलं होतं. कागद तसाच धरून ते मागच्या दाराने बाहेर गेले. नणंद पट्टीत पाट्या सरळ करत होती. ते कडेला जाऊन उभे राहिले, आत नाही.

"माझा वाफा तर अर्धा गेला," ते म्हणाले. "तुझ्या पट्टीत ह्याला जागा आहे का?"

तिने कागद हातात घेतला.

"आहे," ती म्हणाली. "पण पंप आणायचा नाही."